कच्ची मासळी आणि पिकलेले गैरसमज

जपानी जेवण म्हणजे कच्ची मासळी, हे विधान आपल्याकडे 'साप म्हणजे विषारी' या चालीवर केले जाते. ते करणारांचे दोन पंथ आहेत. पहिला पंथ नाक मुरडणारांचा. 'शी! कच्चे मासे खातात म्हणे!' एवढे बोलून हा पंथ आपल्या ताटातल्या तळलेल्या सुरमईकडे वळतो. दुसरा पंथ अलीकडचा. तो मुंबई-पुण्याच्या गारेगार उपाहारगृहात बसून दोन काड्यांनी सुशीचा घास उचलतो आणि 'अस्सल जपानी जेवण ते हेच' असे शेजाऱ्याला बजावतो. एकाचे नाक मुरडलेले, दुसऱ्याचे आभाळाला टेकलेले. पण जपानी माणसाच्या घरी रोज काय शिजते, याचा वास दोघांच्याही नाकाला लागलेला नाही. मला या दोघांशी भांडायचे आहे. आणि त्यांच्याशी भांडून झाले की एका तिसऱ्या पंथाशी भांडायचे आहे. तो खुद्द जपानात आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत घातक आहे.

प्रथम सुशी. तिचा जन्म ताज्या मासळीतून झालेला नाही. आंबवलेल्या मासळीतून झाला आहे. खारवलेला मासा शिजवलेल्या भातात पुरून महिनोन्‌महिने दडपून ठेवायचा. भात आंबतो आणि त्या आंबटपणाने मासा टिकतो. मग भात निपटून टाकून मासा खायचा. ही मूळची सुशी. शिगा प्रांतात बिवा सरोवराच्या काठी 'फुनाझुशी' या नावाने ती अजून करतात, आणि तिच्या वासापुढे आपला सुका बोंबील म्हणजे मोगऱ्याचे फूल! भाताच्या मुटक्यावर मासळीचा काप ठेवलेली आजची सुशी फार उशिरा आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, एदो शहरात, म्हणजे आजच्या तोकियोत, ती रस्त्यावरच्या गाड्यांवर विकली जाऊ लागली. हानाया योहेई या विक्रेत्याला तिचे श्रेय देतात. कामकऱ्याने उभ्याउभ्या दोन घास तोंडात टाकावेत आणि चालू लागावे, अशी ती वस्तू. आपल्या वडापावची जपानी मावशीच म्हणा. तिच्यावरचा मासाही पुष्कळदा शिरक्यात मुरवलेला, सोयाच्या रसात भिजवलेला नाहीतर शिजवलेला असे, कारण तेव्हा शीतपेटी नव्हती. आणि ज्या नारिंगी सॅमनसाठी आमचे रसिक जीव टाकतात, तो कच्चा खाण्याची चाल जपानात १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला माल खपवण्यासाठी खटपट करून रुजवली. त्याआधी जंतांच्या भीतीने जपानी माणूस तो सहसा शिजवून किंवा खारवूनच खाई.

राहता राहिली सर्वसामान्य माणसाची गोष्ट. हजाराहून अधिक वर्षे राजधानी असलेले क्योतो समुद्रापासून दूर, डोंगरांच्या कुशीत आहे. वाकासाच्या किनाऱ्यावरून बांगड्याच्या जातीचा 'साबा' मासा मीठ लावून माणसांच्या पाठीवरून तेथे पोचवीत. त्या रस्त्याला आजही 'साबाची वाट' म्हणतात. राजधानीची ही कथा, तर खेड्यापाड्यांतल्या कुणब्याने कच्ची ताजी मासळी कितीदा पाहिली असेल?

सुशीवाल्यांचे दुसरे दैवत तेम्पुरा. पिठात बुडवून तळलेली कोळंबी नि भाजी. ही तऱ्हा पोर्तुगीजांनी नेली असे मानतात, आणि ते पोर्तुगीज आपल्या ओळखीचे आहेत. १५४३ मध्ये ते जपानला पोचले. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला उतरला. ज्या लोकांनी आपल्या किनाऱ्यावर मिरची आणि पाव आणला, त्यांनीच तिकडे तळण नेले. रामेनच्या शेवया मुळात चिनी. भातावर ओतायची 'कारे' मेजी राजवटीत इंग्रजांच्या हातून गेली, आणि इंग्रजांनी ती कोठून उचलली हे मी तुम्हांला सांगायला नको! मांसाचीही तीच गोष्ट. ६७५ साली सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यास वर्षातील काही महिने बंदी केली. पुढे बौद्ध धर्माच्या वळणाने ही विरक्ती कमीअधिक पाळली गेली. १८७२ मध्ये मेजी सम्राटाने स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, आणि साऱ्या राष्ट्राला खाण्याची मुभा मिळाली. पाश्चात्त्य पदार्थ ताटात आले तेव्हा कोठे आपल्या जुन्या जेवणाला वेगळे नाव हवे, असे जपान्यांना वाटले. 'वाशोकु', म्हणजे जपानी अन्न, हा शब्दच त्या काळातला. घरात सवत आली की मग पहिली 'थोरली' होते, तसे हे झाले.

मग जपानी जेवणाचे लक्षण कोणते? या प्रश्नाचे सरकारी उत्तर तयार आहे. डिसेंबर २०१३ मध्ये युनेस्कोने वाशोकुला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. त्यासाठी जपान सरकारने चार लक्षणे सांगितली: नाना प्रकारचे ताजे जिन्नस आणि त्यांच्या मूळ चवीचा आदर, पोषणाचा समतोल, निसर्गसौंदर्य व ऋतू यांचे ताटात उमटलेले रूप, आणि नववर्षासारख्या सणांशी जडलेले नाते. वाचकहो, ही चार वाक्ये पुन्हा एकदा वाचा आणि सांगा, यांतले कोणते वाक्य तुमच्या आजीने आपल्या स्वयंपाकाबद्दल म्हटले नसते? मालवणची बाई म्हणेल, माझी मासळी ताजी. देशावरची म्हणेल, माझ्या भाकरी-पिठल्यात समतोल. ऋतू आणि सण तर आपल्याकडे ताटातून वाहून जातात. जे लक्षण सगळ्यांना लागू पडते ते कोणाचेच लक्षण नसते. वधूपरीक्षेत 'मुलगी सुस्वभावी आहे' असे सांगतात, त्यातलाच हा प्रकार.

माझ्या मते खरी लक्षणे तीन आहेत, आणि तिन्ही रोजच्या ताटात आहेत.

पहिले लक्षण मांडणीचे. जपानी जेवणाचा नियम 'इचिजू सान्साइ', म्हणजे एक सार आणि तीन पदार्थ. भाताचा वाडगा डावीकडे, साराचा उजवीकडे, पदार्थ पलीकडे. भात आणि लोणचे यांची गणतीच करीत नाहीत, कारण ती असायचीच. येथे भात हा जेवणाचा यजमान. मासा, भाजी, टोफू हे त्याचे पाहुणे. प्रत्येक जिन्नस आपापल्या भांड्यात वेगळा. आपण भातावर वरण ओतून कालवतो. जपानी माणूस वाडगा उचलून एक घास भाताचा, एक घुटका साराचा, पुन्हा भात, मग मासा असा फिरत राहतो. त्याचे कालवणे तोंडात होते. म्हणून सगळे पदार्थ सौम्य. भाताला गप्प बसवणारा मसाला तेथे उर्मट ठरतो.

दुसरे लक्षण पाण्याचे. जगातील बहुतेक पाकशाळांत चव तेला-तुपावर चढते. जपानची चव 'दाशी' नावाच्या पाण्यावर चढते. होक्काइदोच्या थंड समुद्रातले कोम्बु नावाचे वाळवलेले शेवाळ पाण्यात मुरवायचे, पाणी तापवायचे आणि उकळी फुटण्याआधी ते काढून घ्यायचे. मग कात्सुओ या आपल्या कुप्याच्या जातीच्या माशाचा कीस त्यात टाकून लगेच गाळायचे. झाली दाशी! पण या चार घटकांच्या कामामागे महिनोन्‌महिन्यांची तयारी असते. कात्सुओचे तुकडे उकडून, लाकडाच्या धुरावर पुनःपुन्हा धुरी देऊन, त्यांवर बुरशी चढवून उन्हात वाळवतात. शेवटी ते लाकडासारखे टणक होतात आणि सुताराच्या रंध्यासारख्या हत्याराने किसावे लागतात. थोडक्यात, सगळी मेहनत आधीच संपलेली असते. चुलीपाशी फक्त हात लावायचा उरतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

या पाण्यातली चव कोणती, हे तोकियोच्या विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये शोधून काढले. कोम्बुमधल्या ग्लुटामेटची ती चव. तिला त्यांनी 'उमामी' असे नाव दिले. पुढच्याच वर्षी तिची पूड 'अजिनोमोटो', म्हणजे 'चवीचे मूळ', या नावाने बाजारात आली. तीच ही पूड, जी आमच्या नाक्यावरच्या 'चायनीज'च्या गाडीवर चिमटीचिमटीने पडते. चिनी नावाखाली जपानी पूड टाकून मराठी माणूस शेवया परततो, आणि आम्ही शुद्ध परंपरेच्या गप्पा मारतो!

तिसरे लक्षण बुरशीचे. दचकू नका. वाफवलेल्या तांदळावर किंवा जवावर 'कोजी' नावाची बुरशी वाढवतात. तिच्याच जोरावर सोयाबीनचा मिसो होतो, सोयाचा रस होतो, मिरिन आणि साके होते. भाताखेरीज जपानी चवीतले जवळजवळ सगळे मुरलेपण या एका बुरशीच्या पदराला बांधलेले आहे. २००६ मध्ये तेथील मद्यनिर्मितीशास्त्राच्या संस्थेने तिला 'राष्ट्रीय बुरशी' म्हणून गौरवले. मला हा गौरव यादीतल्या मानापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. ज्याने काम केले त्याचे नाव तरी घेतले!

भात, दाशी, कोजी. ऋतूचे कौतुकही आहेच. हंगामाच्या पहिल्या मालाला 'हाशिरी', ऐन भरातल्याला 'शुन' आणि सरत्याला 'नागोरी' अशी वेगळी नावे त्या भाषेत आहेत. पण ते कौतुक या तिघांच्या अंगणात खेळते. कच्च्या मासळीचा कापही तिथलाच एक खेळगडी. तो घरचा मालक नव्हे.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, 'अहो, म्हणजे त्यांचे जुने जेवण आदर्शच की!' तसेही मी म्हणू देणार नाही. पांढराशुभ्र भात हा दीर्घ काळ पैसेवाल्यांचा आणि शहरवाल्यांचा होता. गरीब कुणबी भातात जव, कांग, मुळा मिसळून पोट भरी. आणि शहरी माणूस तो शुभ्र भात खाऊन बेरीबेरीने आजारी पडे. त्या रोगाला 'एदोचे दुखणे' असे नावच होते. 'र्‍युजो' या आरमारी जहाजावर १८८२-८३ च्या सफरीत ३७६ माणसांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ दगावले. आरमाराचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी जेवण बदलून हा रोग आवरला. मिसो आणि लोणची मिठाने भरलेली. १९५१ पासून १९८० पर्यंत जपानात मृत्यूच्या कारणांत पहिला क्रमांक मेंदूच्या झटक्याचा होता, आणि त्यात या मिठाचा वाटा मोठा होता. तेव्हा जुने ते सगळे सोने, असे मानणाऱ्याने आधी सोने कसोटीवर घासावे.

आता तो तिसरा पंथ. हा पंथ वाशोकु संपत चालल्याबद्दल गळा काढतो. संपत चालले आहे हे खरे. १९६२ मध्ये जपानी माणूस वर्षाला सरासरी ११८ किलो तांदूळ खाई. आज तो आकडा पन्नासच्या आसपास आला आहे. २०११ मध्ये कुटुंबाच्या हिशेबवहीत पावाचा खर्च प्रथमच तांदळाच्या खर्चापुढे गेला. दोनच वर्षांनी वारशाचा मान मिळाला. माणूस अंथरुणाला खिळल्यावर त्याचा सत्कार करावा, तसा!

पण हा पंथ दोष कोणाला देतो? घरातल्या बाईला. ती नोकरी करते, ती दाशी काढत नाही, पुडीतली पूड टाकते, मुलांना पाव देते. म्हणून संस्कृती बुडाली. हे ऐकले की माझा तोल जातो. पाव घरात आणला कोणी? युद्धानंतर उपाशी देशाला अमेरिकेचे गहू आणि दुधाची भुकटी मिळाली. १९५४ मध्ये अमेरिकेने जादा धान्य परदेशी खपवण्याचा कायदा केला. तोच पी. एल. ४८०, ज्याचा लाल गहू आमच्या रेशनच्या दुकानांतून घरोघर आला. जपानात १९५६ पासून 'स्वयंपाकाच्या मोटारी' गावोगाव फिरून गव्हाचे पदार्थ करून दाखवू लागल्या, आणि त्यामागे अमेरिकन गहूवाल्यांचा पैसा होता. शाळेच्या जेवणात मुलांना वर्षानुवर्षे पाव वाढला गेला. भाताला तेथे सरकारी प्रवेश मिळाला तो १९७६ मध्ये. एका पिढीच्या जिभेला सरकारने पावाची सवय लावली, आणि ती पिढी आई झाल्यावर तिला विचारता, 'भात का करत नाहीस?' चोर सोडून संन्याशाला फाशी ती ही!

आणखी एक गंमत पाहा. सुशीच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की, बाईचे हात उबदार असतात, त्यांनी मासा बिघडतो, म्हणून तिने सुशी वळू नये. त्याच उबदार हातांनी वळलेले भाताचे मुटके, 'ओनिगिरी', मुले शाळेत डब्यात नेतात तेव्हा मात्र कोणाला हाताची ऊब आठवत नाही. उलट त्या उबेवर गहिवरून बोलतात. जेथे पैसा आणि मान आहे तेथे बाईचे हात गरम. जेथे फुकटची राबणूक आहे तेथे प्रेमळ. या तर्कशास्त्राचा शोध जपानात लागला असे मात्र समजू नका. फराळाच्या ताटावरून 'आमच्या आईच्या वेळी विकतचे काही नव्हते' असे म्हणणारे सद्‌गृहस्थ हा अंक हातात धरून चकली मोडत असतील. त्यांनी आपल्या आयुष्यात किती भाजण्या भाजल्या, हे त्यांनीच मनाशी मोजावे.

नववर्षाचे 'ओसेची' घ्या. लाखेच्या एकावर एक रचलेल्या डब्यांत भरलेले पदार्थ. काळे सोयाबीन, कारण 'मामे' म्हणजे दाणा आणि 'मामे' म्हणजे धडधाकट, कष्टाळूही. कोम्बुची गुंडाळी, कारण 'योरोकोबु' म्हणजे आनंदणे. माशाची गाबोळी, म्हणजे उदंड संतती. कोळंबी, कारण पाठीला बाक येईपर्यंत आयुष्य लाभावे. हे सगळे गोड-खारट, टिकाऊ, आधीच करून ठेवायचे. का? कारण वर्षाचे पहिले तीन दिवस चूल पेटवायची नाही. म्हणजे जुन्या शहाण्या माणसांनी सणाची व्याख्याच अशी केली होती की, बाईला तीन दिवस उसंत मिळावी. त्या उसंतीआधी तिला किती दिवस राबावे लागे, हा भाग निराळा. आज पुष्कळ घरांत हे डबे मोठ्या दुकानांतून मागवतात. मंडळी हळहळतात. मी हळहळत नाही. चूल बंद राहिली ना? मग सणाचा मुख्य नियम पाळला गेला.

मग वाशोकु वाचणार कसे? याचे सर्वांत शहाणे उत्तर २०१६ मध्ये जपानातच आले. योशिहारु दोई हे तेथील नामवंत पाकतज्ज्ञ. त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ 'एक सार आणि एक पदार्थ पुरे, असा प्रस्ताव'. तीन पदार्थांचे ओझे टाका, असे ते सांगतात. भात शिजवा, घरात असेल ती भाजी घालून मिसोचे दाट सार करा, लोणचे वाढा. झाले जेवण! राजवाडी थाटाच्या जेवणावळींना लाजवील असा हा साधेपणा, आणि त्याला पाठिंबा परंपरेचाच आहे. मघाशी सांगितले ते आता आठवा. या स्वयंपाकाची मेहनत मिसोच्या पिंपात, कात्सुओच्या धुरीत, कोजीच्या खोलीत आधीच होऊन गेलेली असते. ती करणारी कसबी माणसे वेगळी. घरच्या चुलीवर उरते ते दहा-पंधरा मिनिटांचे काम, आणि तेवढे करायला घरातल्या कोणाचेही हात चालतात. बाप्यांचेसुद्धा! दिवसभर कामावरून दमून आलेले माणूस जे करू शकते तेच खरे रोजचे अन्न; बाकीचे प्रदर्शन.

म्हणून माझा या तिन्ही पंथांना एकच जबाब आहे. नाक मुरडणाऱ्यांनो, तुम्ही ज्याला नाक मुरडता ते त्या ताटाचे एक टोक आहे. नाक उडवणाऱ्यांनो, तुम्ही ज्याचा महिमा गाता तेही तेच टोक आहे. आणि संस्कृतीरक्षकांनो, तुम्ही ज्याचे रक्षण करायला निघालात ते मानपत्रात नाही. ते एका वाडग्यात भात, दुसऱ्यात सार आणि बशीत लोणच्याच्या चार फोडी, एवढ्यात मावते. ते टिकावे असे मनापासून वाटत असेल तर भाषण आवरा, अस्तन्या सरसावा, आणि कोम्बुचा तुकडा आज रात्री पाण्यात भिजत घाला. उद्या सकाळी सार तुम्ही करा.